बांधावरचा उंदीर आणि ओढ्यावरचा कस्तूर



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आवारातल्या फणसाखाली उंदरांचा विषय निघाला. पावसाला आता फार दिवस राहिले नाहीत. गेल्या हंगामात भाताचे नुकसान कोणाकोणाचे किती झाले ते सांगून झाले, आणि मग एकाने सुचवले की यंदा मृगाच्या आत ओढ्याच्या दोन्ही काठांची झाळी साफ तोडून पेटवून द्यावी, म्हणजे उंदरांचे घरच राहणार नाही. बऱ्याच माना डोलल्या. मी त्या वेळी बोललो नाही, कारण सर्वांना घरी जाण्याची घाई होती आणि अशा गोष्टी उभ्या उभ्या सांगून पटत नाहीत. म्हणून आज लिहितो. माझे मत असे की ओढ्याच्या झाळीला हात लावू नये, आणि उंदरांचा बंदोबस्त मात्र जरूर करावा. ही दोन्ही एकदम कशी जमतात ते सांगतो.

उंदरांचा मला पुळका आहे असे कोणी समजू नये. २०१९ च्या पावसाळ्यात माझा मेहुणा लावणीच्या चिखलात आठवडाभर अनवाणी राबला. टाचेला भेग होती. पुढे ताप आला, पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की त्याला उभे राहवेना, डोळे लाल झाले. जवळच्या एका दवाखान्यात साधा ताप म्हणून चार दिवस गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी डोळे पिवळे दिसू लागले आणि लघवी जवळजवळ बंद झाली, तेव्हा आम्ही त्याला शहरात हलवले. मूत्रपिंडाचे काम यंत्रावर करून घ्यावे लागले. तो वाचला, परंतु त्या वर्षाचे शेत शेजाऱ्यांनी कापले आणि एक म्हैस विकावी लागली. रोगाचे नाव लेप्टोस्पायरोसिस. त्याचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात, उंदराला काही होत नाही, आणि त्याच्या मुतातून ते साचलेल्या पाण्यात व चिखलात उतरतात. आपल्या पायाच्या भेगेतून ते आत शिरतात. तेव्हा उंदीर या शब्दाने माझ्याही कपाळाची शीर उठते.

पण कोणता उंदीर? इथेच आपली पहिली चूक होते. घरातला काळा उंदीर, बांध पोखरणारी घूस, मऊ केसांचा शेतातला उंदीर आणि सगळ्यात धाकटा तो पिटुकला शेतउंदीर, या सर्वांना आपण एकच नाव देतो. चिचुंद्री तर उंदरांच्या कुळातलीही नव्हे, तरी तीही याच हिशेबात मार खाते. धाकट्या शेतउंदराला प्राणिशास्त्रात मुस बुडुगा म्हणतात. वजन १० ते १२ ग्रॅम, म्हणजे मूठभर भुईमुगाच्या शेंगांपेक्षाही कमी. पाठ मातकट, पोट पांढरे, शेपटी जवळजवळ अंगाएवढी लांब. नांगर चालला की ढेकळातून टुणकन उडी मारून पळतो आणि पोरे त्याच्यामागे धावतात, तो हाच. त्याचे बीळ बांधात असते, तोंड जुन्या रुपयाच्या नाण्याएवढे, आणि बाहेर ताज्या बारीक मातीची लहानशी रास. उघड्या शेताचा हा प्राणी. भात, नाचणी, भुईमूग, जे असेल ते खातो, गवताचे बी खातो, किडेही खातो.

आता ओढ्याच्या झाळीत कोण राहतो ते पाहू. तिथे शीळकरी कस्तूर राहतो. आपल्यापैकी पुष्कळांनी त्याला पाहिलेले नाही, पण ऐकला नाही असा माणूस या घाटमाथ्यावर सापडायचा नाही. पहाटे दिसायला लागण्याआधी ओढ्याकडून कोणी मनुष्य शीळ घालत येतो आहे असे वाटते. चाल पुरती होत नाही. मध्येच भरकटते, थांबते, पुन्हा भलत्याच जागेवरून सुरू होते. इंग्रजांनी त्याला शीळ घालणारा शाळकरी पोरगा असे नाव दिले होते, आणि ते अगदी बरोबर आहे. शाळेत जायचे नसलेल्या पोराची शीळ तशीच असते. पक्षी मैनेहून थोडा मोठा, चोचीपासून शेपटीपर्यंत वीतभराहून जास्त, लांबून काळाच दिसतो. ऊन पडले की कपाळावर व खांद्यावर निळा रंग चमकतो. सह्याद्रीत तो आहे आणि सातपुड्याकडेही आढळतो. वाहते पाणी, ओले खडक आणि गर्द सावली या तीन गोष्टी त्याला लागतात. गोगलगाई, लहान खेकडे, बेडूक, पाण्याकाठचे किडे आणि रानातली फळे हे त्याचे खाणे. गोगलगाय किंवा खेकडा चोचीत धरून खडकावर आपटताना मी त्याला अनेकदा पाहिले आहे. धुणे धुणाऱ्या बायकांनीही पाहिले असेल.

तेव्हा पहिली गोष्ट ही की ज्याला मारायचे तो बांधात राहतो आणि ज्याचे घर जाळायचे आपण ठरवतो आहोत तो ओढ्यात राहतो. मधे शंभर पावलांचे अंतर आहे. झाळीत उंदीर मुळीच नाहीत असे मी म्हणत नाही. जंगली उंदीर तिथे असतील. पण तुमच्या भातावर पडणारी मुख्य फौज झाळीतून येत नाही. ती तुमच्याच रुंद, गवताळ, वर्षानुवर्षे न तासलेल्या बांधात जन्मते. पोटरीवर आलेले ताट बुंध्याशी तिरके कातरून आडवे पाडलेले दिसले तर ते बहुधा घुशीचे किंवा मोठ्या उंदराचे काम, आणि घूस तर तुमच्या पायाखालीच असते. बांध सोडून ओढा जाळणे म्हणजे घरात ढेकूण झाले म्हणून गोठा पेटवण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट वाढीची. या दोन जिवांतला खरा फरक मला इथे दिसतो. शेतउंदराची मादी सुमारे तीन आठवडे गाभण राहते, एका वेतात पाच-सहा पिल्ले देते, कधी जास्तही, आणि ती पिल्ले काही आठवड्यांतच स्वतः वीण करू लागतात. खायला आहे तोवर हे चालू राहते. कस्तुराची मादी खडकाच्या कपारीत शेवाळ, मुळ्या व चिखल यांचे घरटे करते, त्यात बहुधा तीन अंडी घालते, ती सोळा-सतरा दिवस उबवावी लागतात, आणि तेही भर पावसाळ्यात, जेव्हा ओढ्याला एक पूर आला की सारे वाहून जाते. याचा अर्थ काय? तुम्ही या वर्षी शेकडो उंदीर मारले तरी, एकट्याने मारले असतील तर, दसऱ्यापर्यंत शेजारच्या बांधातून तितकेच परत येतील. आणि कस्तुराची एक जोडी उठवलीत तर तो ओढा किती वर्षे मुका राहील हे कोणी सांगू शकणार नाही. आमच्या खालच्या वळणावर मी तीन पावसाळे एकाच कपारीत घरटे पाहिले. पलीकडच्या वाडीच्या ओढ्यावर काठची झाडे तुटली त्यानंतर तिथे शीळ ऐकू येत नाही. मी मुद्दाम दोनदा पहाटे जाऊन बसलो होतो.

इथे कोणी विचारील, कस्तुराचा शेतकऱ्याला उपयोग काय? प्रश्न योग्य आहे. शेतीच्या पानावर पक्ष्यांविषयी लिहिणारे लोक लगेच सांगतात की हा पक्षी अमुक इतक्या अळ्या खातो म्हणून तो आपला मित्र. मी तसे सांगणार नाही, कारण ते खरे नाही. कस्तूर सावली सोडून उघड्या शिवारात फारसा येत नाही. बांध फोडणारा खेकडा त्याने चार-दोन खाल्ला तरी तुमच्या बांधाला त्याचा पत्ता लागणार नाही. तुमचे एक पोते भात त्याच्यामुळे वाढणार नाही. उलट उपयोगाचाच हिशेब मांडायचा तर उंदीरसुद्धा थोडा उजवा ठरेल, कारण गव्हाणी घुबड, पिंगळा, धामण आणि मुंगूस हे सारे त्याच्यावर जगतात, आणि तो गवताचे बीही खातो. म्हणून उपयोगाच्या तराजूत या दोघांना घालूच नये असे माझे म्हणणे आहे. ज्याचे आपले काही बिघडत नाही, त्याला उठवण्यासाठी कारण लागते. ठेवण्यासाठी लागत नाही.

पण झाळीचा उपयोग आहे, आणि तो भाताशी आहे. काठच्या झाडांच्या मुळ्यांनी ओढ्याची दरड धरून ठेवलेली असते. सावली गेली की पाणी लवकर आटते, दरड ढासळते आणि तीच माती पहिल्या पुरात खालच्या खाचरात येऊन बसते. आपल्या खानापूर तालुक्यातून मलप्रभा पूर्वेकडे आणि म्हादई पश्चिमेकडे अशा दोन नद्या निघतात. त्या पाण्यावरून राज्यांची भांडणे चालली आहेत, लवाद बसले, कोर्टे झाली. आणि ज्या लहान ओढ्यांनी त्या नद्या भरतात त्यांचे काठ आपण काडी लावून मोकळे करणार! हे मला समजत नाही.

कायद्याचेही दोन शब्द. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात उंदरांना उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घातले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. याने उंदीर मारायला बंदी आली असे नव्हे. कस्तुराला मात्र कायद्याचे संरक्षण आहे. पूर्वी त्याच्या शिळेसाठी लोक त्याला पिंजऱ्यात पाळत. आता पकडणे, पाळणे, विकणे गुन्हा आहे. ज्या घरांत मुलांच्या खिशात गलोल असते त्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावे.

आता कामाचे. उंदरांचा बंदोबस्त कसा करावा हे शेतीखाते पूर्वीपासून सांगत आले आहे, आपण ऐकतो आणि अर्धेच करतो. पावसाच्या आधी, शेते रिकामी असताना, हीच वेळ. कारण आता उंदरांना खायला कमी असते, त्यामुळे ते आमिषाला येतात, आणि संख्याही अजून फुगलेली नसते. भात पोटरीत आल्यावर विष मांडणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसलेल्याला शिळी भाकर दाखवणे. प्रथम बांध तासून अरुंद करावेत, गवत काढावे, सगळी बिळे चिखलाने बुजवावीत. दुसऱ्या दिवशी जी उघडलेली दिसतील तीच चालू बिळे, त्यांना खूण करावी. झिंक फॉस्फाईड वापरणार असाल तर आधी दोन दिवस भरड धान्याला नुसते गोडे तेल लावून बिळात ठेवावे, म्हणजे उंदीर सवयीने खातात. मग ९६ भाग भरड, २ भाग तेल व २ भाग झिंक फॉस्फाईड असे मिश्रण काठीने ढवळून, हात न लावता, थोडे थोडे बिळाच्या आत ठेवून तोंड बंद करावे. आपल्यातले पुष्कळ लोक पहिले दोन दिवस गाळतात. मग उंदीर थोडेसे चाखतो, आजारी पडतो, मरत नाही, आणि पुन्हा त्या आमिषाकडे फिरकत नाही. दोष मात्र दुकानदाराला देतात.

हे औषध पोटात गेल्यावर विषारी वायू तयार करते आणि त्यावर खात्रीचा उतारा नाही. म्हणून ते उघड्या बांधावर पसरू नये. कोंबड्या, पारवे, कुत्री आणि, देव न करो, मुले यांचा जीव जातो. ब्रोमाडिओलोनची तयार वडी हाताळायला सोपी असते, पण ती खाल्लेला उंदीर काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि त्याला खाणारे घुबडही मरू शकते. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, हे काम सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात करावे. एकाने केले आणि नऊ जणांनी नाही केले तर त्या एकाने पैसे पाण्यात घातले. झाळी तोडायला जेवढे हात जमणार होते तेवढेच हात बांधावर आले तर काम दोन दिवसांचे आहे.

तरीही शेतातले सर्व उंदीर कधीच संपणार नाहीत, आणि लेप्टोचे जंतू गुरे, डुकरे व कुत्री यांच्या मुतातूनही येतात. त्यामुळे पायाकडे पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. चिखलणीला व लावणीला गमबूट घाला. गमबुटात लावणी होत नाही असे बायका म्हणतात. काही अंशी खरे आहे, पाय रुततो. मग निदान पायाच्या भेगा व जखमा झाकून घ्या, दुपारी व संध्याकाळी साबणाने पाय धुऊन कोरडे करा, आणि गोठ्यातले पाणी साचू देऊ नका. उन्हात व कोरड्यात हा जंतू टिकत नाही. लावणीच्या दिवसांत आठवड्याला एकदा डॉक्सिसायक्लिन घेण्याचा सल्ला काही ठिकाणी डॉक्टर देतात, तो डॉक्टरांना विचारूनच घ्यावा; गरोदर बायका व लहान मुले यांना हे औषध चालत नाही. ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा, “मी भाताच्या चिखलात काम करतो.” एवढे एक वाक्य माझ्या मेहुण्याने पहिल्या दिवशी सांगितले असते तर म्हैस विकावी लागली नसती. वेळेवर दिले तर साध्या, स्वस्त औषधांनी हा रोग आटोक्यात येतो.

कस्तुराची बाजू घेतो म्हणून पक्षी सगळे सोवळे आणि उंदीर सगळे पापी असेही मी मानत नाही. माकडतापाचे उदाहरण घ्या. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात हा रोग प्रथम ओळखला गेला. २०१५ मध्ये तो गोव्यात सत्तरीत आला, २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला. आपल्या बेळगाव भागातून काजूच्या हंगामात गोव्याकडे कामाला गेलेले लोकही त्यात सापडले. हा रोग गोचिडीच्या चाव्याने होतो. ती गोचीड लहानपणी जंगली उंदरांच्या, चिचुंद्रीच्या अंगावर पोसली जाते, आणि जमिनीवर चरणारे रानपक्षीही तिला इकडून तिकडे नेतात. म्हणजे इथे उंदीर आणि पक्षी एकाच बाकावर बसले. त्यावर उपाय रान जाळणे हा नाही. काजूच्या बागेत जाताना अंगभर कपडे, गोचीड लागू नये म्हणून अंगाला लावायचे तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे वेगळे धुणे, आणि मेलेले माकड दिसले तर त्याच्याजवळ न जाता आरोग्यकेंद्राला कळवणे, हा उपाय आहे. प्रत्येक रोगाचा रस्ता वेगळा असतो आणि तो रस्ता अडवावा लागतो.

आमच्या शेजारचे मामा म्हणाले, “अरे, त्या पाखराच्या शिळेने पोट भरते काय?” मामा वयाने मोठे, मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण पावसात पहाटे चार वाजता पाणी सोडायला मी आणि मामा दोघेच शिवारात असतो, आणि ती शीळ सुरू झाली की मामा फावडे टेकून थांबतात, हे मी पाहिलेले आहे.

येत्या रविवारी मिस्सानंतर हाच विषय पुन्हा निघणार आहे. त्याआधी शनिवारी सकाळी सातला मी माझ्या वरच्या खाचराचा बांध तासून चालू बिळांना खुणा करणार आहे. ज्यांना बीळ ओळखायला शिकायचे असेल त्यांनी यावे. फावडे व चुन्याची पुडी आणावी, आणि गमबूट असतील तर घालून यावे. कोयता आणण्याची जरूर नाही.